पहिल्या फेरीचं मोल

फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर झालेल्या टेनिस स्पर्धेत, स्वित्झर्लंडच्या जिल टाइशमननं महिला एकेरीचं विजेतेपद पटकावलं. अंतिम सामन्यात तिनं थायलंडच्या मनंचाया सवांगकाएवला सरळ सेटमध्ये हरवलं. चषकासह फोटो तिचा छापून आला, पण त्या आठवड्यात टेनिसवेड्यांच्या तोंडी नाव होतं कोइम्बतूरच्या माया राजेश्वरन रेवतीचं. वय १५. मुख्य फेरीत तिला थेट जागा नव्हती. पात्रता फेरीतून ती आत आली आणि वयानं, अनुभवानं मोठ्या असलेल्या खेळाडूंना एकामागून एक हरवत उपांत्य फेरीत पोहोचली. तिथं टाइशमननंच तिला रोखलं.

अशी बातमी वाचली की आपण मुलीच्या गुणांचं कौतुक करतो आणि पान उलटतो. कौतुक रास्तच आहे. पण एक प्रश्न त्यासोबत विचारायला हवा. हीच स्पर्धा भारतात नसती, चार हजार मैलांवरच्या एखाद्या शहरात असती, तर या १५ वर्षांच्या मुलीला तिथल्या पात्रता फेरीत तरी कुणी उभं केलं असतं का? विमानाचं भाडं, व्हिसा, सोबत जाणाऱ्या पालकाचा खर्च हे सगळं सांभाळून तिथं जाण्याचा धोका किती घरांनी पत्करला असता? या पुस्तिकेचा सगळा रोख या प्रश्नावर आहे.

परळी वैजनाथ, अंबाजोगाई आणि आसपासच्या गावांतल्या मुली, त्यांचे आईवडील आणि शाळांचे क्रीडाशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून ही पुस्तिका तयार झाली आहे. परळी म्हटलं की वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आठवतं, औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या आठवतात, रेल्वेचं जंक्शन आठवतं. टेनिस काही आठवत नाही. इथं महिला व्यावसायिक टेनिसची मोठी स्पर्धा झालेली नाही आणि इतक्यात होईल असंही नाही. मग हा विषय परळीत कशाला? कारण ज्यांच्या गावात स्पर्धा होत नाही, त्यांनाच ती कशी चालते हे समजून घेण्याची जास्त गरज आहे. पुण्या-मुंबईच्या मुलीला ते क्लबात येता-जाता कळतं. आपल्याकडे ते कुणीतरी बसून सांगावं लागतं.

तर आधी रचना. महिला टेनिस संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, आपल्या स्पर्धांना आकड्यांनी ओळखते : १२५, २५०, ५००, १०००. आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण. विम्बल्डनसारखी ग्रँड स्लॅम जिंकली तर २००० गुण. मुंबईची स्पर्धा १२५च्या दर्जाची. या दर्जाच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा असतात : डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १००. तिथंही विजेतीला तितकेच गुण. गेल्या ५२ आठवड्यांतल्या ठरावीक संख्येच्या उत्तम निकालांची बेरीज म्हणजे खेळाडूची क्रमवारी. मागच्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी गळून पडतात. ते पुन्हा मिळवले नाहीत तर क्रमवारी घसरते. त्यामुळे एकेरीच्या खेळाडूला वर्षभर कुठं ना कुठं खेळत राहावंच लागतं. दुखापत झाली, घरी लग्नकार्य निघालं, परीक्षा आली, तरी घड्याळ थांबत नाही.

क्रमवारीचा उपयोग काय? पुढच्या स्पर्धेचं दार उघडायला तीच लागते. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी खेळतात. त्यांतल्या १०४ जणी क्रमवारीवर थेट येतात, १६ जणी पात्रता फेरीतून, तर ८ जणींना वाइल्ड कार्ड मिळतं. वाइल्ड कार्ड म्हणजे संयोजकांनी आपल्या अधिकारात दिलेला प्रवेश. बहुतेक ठिकाणी ती कार्डं यजमान देशाच्या मुलींना जातात. फ्रेंच मुलीला पॅरिसमध्ये, ऑस्ट्रेलियन मुलीला मेलबर्नमध्ये दर वर्षी हा आधार मिळतो. भारतीय मुलीला तो मिळायचा तर स्पर्धा भारतात असायला हवी. इतका साधा हिशेब आहे.

१२५च्या स्पर्धेत मुख्य फेरीत साधारण ३२ जणी असतात. विजेतीला १२५ गुण, उपविजेतीला ८१, उपांत्य फेरीत हरलेलीला ४९, उपांत्यपूर्व फेरीत हरलेलीला २७, दुसऱ्या फेरीत हरलेलीला १५. पहिल्याच फेरीत हरली तर १. हे आकडे नीट पाहा. पहिल्या फेरीतला एक विजय १ गुणाचे १५ करतो. डब्ल्यू १५ दर्जाची अख्खी स्पर्धा जिंकून, म्हणजे पाच सामने जिंकून जेवढे गुण मिळतात, तेवढे इथं एका सामन्यात. प्रेक्षक अंतिम सामन्याचं तिकीट काढतात, पण नव्या मुलीचं नशीब पहिल्या फेरीतच ठरतं.

२०२४मध्ये मुंबईत याचा प्रत्यय आला. सहजा यमलपल्ली या भारतीय खेळाडूनं पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकन केला डे हिला तीन सेटमध्ये हरवलं. स्पर्धा पुढं लाटवियाच्या दार्या सेमेनिस्तायानं जिंकली. सहजाच्या त्या एका विजयाची किंमत मात्र चषकाच्या हिशेबात दिसत नाही. आपल्याहून कितीतरी वरच्या क्रमांकाच्या खेळाडूची सर्व्हिस भेदता येते, दुसरा सेट १–६ असा गमावूनही तिसरा जिंकता येतो, हे तिला त्या दिवशी कळलं आणि कोर्टाभोवती बसलेल्या मुलींनाही.

अशा स्पर्धेला गेलात तर पात्रता फेरीचा सामना मुद्दाम बघा. बाहेरच्या कोर्टवर, सकाळच्या वेळी. खुर्च्या बहुतेक मोकळ्या असतात. बसलेली माणसं म्हणजे एखादी आई, एक प्रशिक्षक, आधीच हरलेल्या दोन खेळाडू. सर्व्हिसच्या आधी मुलगी बॉलबॉयकडून तीन चेंडू मागून घेते, तिन्ही निरखते, ज्याची लव जास्त फुगली आहे तो परत फेकते, एक खिशात ठेवते आणि उरलेल्यावर सर्व्हिस करते. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद. बाजू बदलताना ९० सेकंद. तेवढ्यात पाणी प्यायचं, घामानं निसटणारी ग्रिप बदलायची, टॉवेल तोंडावर घ्यायचा आणि आपण कुठं चुकतोय ते एकटीनं शोधायचं. चूक झाली तर पाठीवर हात ठेवायला जोडीदार नाही. एकेरीचा खेळ किती एकटा आहे हे टीव्हीवर कळत नाही. ते या कोर्टवर कळतं.

स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसचा जन्मच भांडणातून झाला. १९७० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला स्त्री विजेतीच्या आठपटीहून अधिक रक्कम मिळणार होती. बिली जीन किंगसह नऊ जणींनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली आणि ह्यूस्टनला आपली वेगळी स्पर्धा भरवण्यासाठी प्रत्येकी एका डॉलरच्या करारावर सह्या केल्या. १९७३मध्ये डब्ल्यूटीए स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपननं स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला तेवढंच करायला २००७ साल उजाडलं. आज अव्वल महिला खेळाडूंच्या बक्षिसाची रक्कम वाचून आपण तोंडात बोटं घालतो, तेव्हा त्या एका डॉलरच्या सह्या आठवाव्यात.

महाराष्ट्राचं या खेळाशी नातं त्याहून जुनं आहे. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव. वर्ष १९३४. तिची आई पंडिता क्षमा राव ही संस्कृत कवयित्री होती आणि स्वतः उत्तम टेनिस खेळायची. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची चरित्रं तिनं संस्कृत काव्यात लिहिली. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदविद्येचे मोठे अभ्यासक होते. तुकोबांच्या गाथेच्या १८६९च्या आवृत्तीच्या संपादनाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे गाथा छापून घराघरांत नेणाऱ्या घरातली नात पासष्ट वर्षांनी विम्बल्डनच्या हिरवळीवर उतरली. मुलीच्या जातीनं खेळू नये, ही आपली परंपराच नाही, असं कुणी म्हणालं तर हे घर दाखवावं. अर्थात ते शिकलेलं, मुंबईतलं, सुस्थितीतलं घर होतं, हेही विसरू नये. त्या काळी टेनिस अशाच घरांपुरतं होतं. आज ते तेवढंच राहिलं आहे का, हा खरा प्रश्न आहे.

भारतात मोठ्या महिला स्पर्धा आल्या त्या या शतकाच्या सुरुवातीला. २००५मध्ये हैदराबादची स्पर्धा सानिया मिर्झानं जिंकली आणि डब्ल्यूटीएचं एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि खेळत होती आपल्याच गावात. कोलकाता आणि बंगळूरलाही स्पर्धा भरल्या, पण २००८नंतर हे सगळं आटलं. नोव्हेंबर २०१२मध्ये पुण्याच्या बालेवाडीला १२५ दर्जाची स्पर्धा झाली. हा दर्जाच मुळात त्या वर्षी सुरू झाला होता. अंतिम सामन्यात एका बाजूला युक्रेनची १८ वर्षांची एलिना स्वितोलिना होती, तर दुसऱ्या बाजूला निवृत्तीनंतर बारा वर्षांनी परत आलेली जपानची ४२ वर्षांची किमिको दाते-क्रुम. स्वितोलिना जिंकली. पुढं ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिनं टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं. पुण्याची ती स्पर्धा मात्र पुन्हा झाली नाही.

२०१७मध्ये मुंबईची स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी विजेती ठरली बेलारूसची अरिना सबालेंका. वय १९, नाव फारसं कुणाला माहीत नाही. आज तिच्या खात्यात ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपनची विजेतेपदं आहेत, जगातला पहिला क्रमांक आहे. चर्चगेटच्या त्या कोर्टवर ती अशी हाकेच्या अंतरावर खेळली होती. २०१८मध्ये थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. त्यानंतर थेट २०२४. मध्ये पाच वर्षं काहीच नाही. २०१८मध्ये जी मुलगी १४ वर्षांची होती आणि कोर्टाच्या कडेला बसून सामने बघत होती, ती स्पर्धा परत येईपर्यंत १९-२० वर्षांची झाली. तिच्या उमेदीची वर्षं त्या खंडात गेली.

भारतातल्या स्पर्धांचं खरं दुखणं हेच आहे. स्पर्धा येते, गाजते आणि प्रायोजक आटला की जाते. चेन्नईला २०२२मध्ये २५०च्या दर्जाची स्पर्धा झाली. मग तीही मध्ये थांबली आणि २०२५मध्ये परत आली. सानिया २००७मध्ये जगात २७व्या क्रमांकावर पोहोचली. तिच्याखेरीज एकही भारतीय स्त्री एकेरीत पहिल्या १००त शिरलेली नाही. पुण्यात प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्याकडे वर्षानुवर्षं घडलेली अंकिता रैना २०२०मध्ये १६०पर्यंत गेली. अंगचे गुण कमी होते म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण शिडीच्या मधल्या पायऱ्या कधी असतात, कधी नसतात, तेव्हा वर चढणारीच्या पायांना दोष देणं बरोबर नाही.

आपल्या मराठी मुलींचं यश पाहिलं तर ते बहुतेक दुहेरीतलं आहे. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं सानियाबरोबर २०१४च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिच्याच जोडीनं ती उतरली. श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. ही यशं लहान नाहीत. बार्शी काय, श्रीरामपूर काय, ही आपल्यासारखीच बाजारपेठेची गावं. पण दुहेरीत अनुभवी जोडीदाराचा हात मिळतो. एकेरीत प्रत्येक गुण स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या प्रवासानं मिळवावा लागतो, म्हणून तिथं घरच्या स्पर्धा नसण्याचा फटका जास्त बसतो. पुण्याची वैष्णवी आडकर २०२५च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत महिला एकेरीचं कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बालेवाडीला बिली जीन किंग करंडकाचे, म्हणजे देशांच्या संघांमधले सामने झाले. घरच्या कोर्टवर श्रीवल्ली भामिदिपातीनं पाचही एकेरी सामने जिंकले आणि भारत पुढच्या टप्प्यात गेला. पाणी कुठं मुरतं आणि कुठं झरा लागतो, हे यावरून समजावं.

खर्चाबद्दल उघडपणे बोललं पाहिजे. डब्ल्यू १५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर. ती एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती २०० डॉलरही पडत नाहीत. त्यात हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, प्रवास हे काहीच बसत नाही. परदेशात जाऊन अशा स्पर्धा खेळायच्या तर प्रत्येक आठवडा तोट्याचा. हीच स्पर्धा सोलापूरला असेल तर परळीची मुलगी एसटीनं जाईल, ओळखीच्या घरी उतरेल आणि हरली तरी दुसऱ्या दिवशी शाळेत असेल. म्हणून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अंडी उत्पादकांच्या एनईसीसी या संस्थेच्या पाठबळानं वर्षानुवर्षं चाललेली महिलांची आयटीएफ स्पर्धा, सोलापूरची स्पर्धा, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेल्या दशकात झालेल्या छोट्या स्पर्धा या मुंबईच्या झगमगाटाइतक्याच मोलाच्या आहेत. अंडी विकणाऱ्यांना जे जमलं, ते साखर, कापूस आणि सोयाबीनवाल्यांना का जमू नये?

आता आपल्या जिल्ह्याबद्दल. हांगझोऊला ऋतुजानं सुवर्ण घेतलं ३० सप्टेंबर २०२३ला. दुसऱ्याच दिवशी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं. म्हणजे या मातीत दम आहे हे नव्यानं सिद्ध करायला नको. पण धावायला रस्ता मिळतो. टेनिसला सपाट कोर्ट, जाळी, भिंत आणि शिकवणारं माणूस लागतं. शिवाय मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. वर आलेली वयं पुन्हा वाचा : माया १५, सानिया १८, स्वितोलिना १८, सबालेंका १९. एकेरीची खेळाडू घडते ती १२ ते २० या वयात. बीड हा राज्यात बालविवाहाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. ऊसतोडीला आईबाप गेले की थोरल्या मुलीवर घर येतं. नेमक्या त्या वयात आपल्याकडे मुलीला सांगितलं जातं, ‘पुरे झालं आता खेळणं.’ कोर्ट बांधायला पैसा लागतो, पण हे वाक्य तोंडातून न काढायला एक छदामही लागत नाही.

पुढच्या प्रकरणांत खेळाचे नियम, क्रमवारीचं गणित, स्पर्धेत नाव नोंदवण्याची पद्धत, वयोगटाच्या स्पर्धांपासून आयटीएफपर्यंतचा रस्ता, आहार, दुखापती आणि खर्चाचा अंदाज असं सगळं क्रमानं दिलं आहे. चॅम्पियन घडवण्याचा मंत्र यात नाही. ३२ जणींच्या स्पर्धेत ३१ जणी हरतात. त्यामुळे पुस्तिका वाचून जी मुलगी खेळायला लागेल तिनं हरण्याची तयारी ठेवावी. तिच्या आईवडिलांनी तर तिच्याहून जास्त ठेवावी.

क्रीडाशिक्षकांना एकच विनंती. शाळेच्या मागची एखादी सपाट भिंत निवडा, तिच्यावर जाळीच्या उंचीइतकी, म्हणजे तीन फुटांवर, चुन्यानं एक आडवी रेघ मारा आणि जुन्या रॅकेट मागून आणा. एवढ्यावर सुरुवात होते. पालकांनी मुलीला १६ वर्षांपर्यंत तरी खेळू द्यावं, पुढचं ती ठरवील. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी एकदाच मोठी स्पर्धा भरवण्याची हौस करू नये. लहान स्पर्धा घ्यावी, पण सलग दहा वर्षं घ्यावी. आणि वाचकहो, मराठवाड्यात पुढची महिला स्पर्धा भरेल तेव्हा पहिल्या फेरीच्या दिवशी या. अंतिम सामन्याला गर्दी आपोआप होते.